मजकूर दारातच स्वच्छ करा: डेटाबेस ट्रिगरने लेखन प्रमाणित करण्याची पद्धत

स्क्रीनवर दोन नोंदी शेजारी शेजारी दिसतात. नाव अक्षर न् अक्षर सारखं, ईमेल सारखा, आणि तरीही डेटाबेसच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. एकीच्या नावामागे एक रिकामी जागा चिकटलेली असते. दुसरीतली जागा साध्या स्पेसची नसते, वेब पानावरून उचललेली नॉन-ब्रेकिंग स्पेस असते. कधी एकीत ‘ॲ’ हे एकच अक्षर असतं आणि दुसरीत ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवलेला असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण तुलना बाइटची होते. शोध अर्धवट उत्तरं देतो, एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्स असूनही दुबार नोंदी शिरतात आणि अहवालातली बेरीज चुकते.

ही साफसफाई अ‍ॅप्लिकेशनमध्ये करावी, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. फॉर्मपुरती ती तिथे होतेही. पण टेबलाला दारं अनेक असतात: वेब फॉर्म, मोबाइल अ‍ॅप, स्प्रेडशीटमधून होणारी आयात, रात्री चालणारी स्क्रिप्ट, आणि थेट कन्सोलवर बसून दुरुस्ती करणारा सहकारी. प्रत्येक दारावर तोच नियम पुन्हा लिहायचा म्हटलं, की एखादं दार राहतंच. ट्रिगर म्हणजे टेबलात लेखन होताना डेटाबेस स्वतःहून चालवतो तो कोड. ओळ साठवण्याआधी चालणारा बिफोर ट्रिगर मात्र टेबलाच्या उंबऱ्यावर बसतो. आत येणारी प्रत्येक ओळ त्याच्या हाताखालून जाते.

पुढची पद्धत पोस्टग्रेस या डेटाबेसवर आधारलेली आहे, कारण या कामाची साधनं तिथे सर्वांत भरपूर आहेत. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट यांच्यातले फरक शेवटाकडे येतील. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमनमध्ये करायच्या. उदाहरणाला ‘ग्राहक’ नावाचं टेबल घेऊ, त्यात नाव, ईमेल आणि फोन हे रकाने.

आधी डेटा बघा, मग नियम लिहा

ट्रिगर लिहायला बसण्याआधी टेबलात काय साचलंय ते पाहा. तीन क्वेऱ्या पुरतात. पहिली: जिथे नाव आणि बी-ट्रिम केलेलं, म्हणजे कडेच्या स्पेस काढलेलं नाव यांत फरक आहे अशा ओळी किती? दुसरी: ईमेल लोअर करून (लहान अक्षरांत आणून) ग्रुप बाय केल्यावर, म्हणजे सारखे ईमेल एकत्र केल्यावर, एकाहून जास्त ओळी असलेले गट कोणते? तिसरी सर्वांत उद्बोधक असते: सगळी नावं एकेका अक्षरात फोडा, प्रत्येक अक्षराचा आस्की फंक्शनने मिळणारा क्रमांक काढा आणि कोणता क्रमांक किती वेळा येतो ते मोजा. यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये पोस्टग्रेसचं हे फंक्शन अक्षराचा युनिकोड क्रमांक देतं. त्या यादीत १६० म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, ६५२७९ म्हणजे फाइलच्या सुरुवातीची बाइट ऑर्डर खूण. हे पाहुणे तुमच्या टेबलात आहेत की नाहीत, ते आधी कळलेलं बरं.

यादी हाती आली की प्रत्येक संभाव्य नियमाला एकच प्रश्न विचारा: या बदलाने फक्त लेखन बदलतं, की अर्थही? कडेच्या रिकाम्या जागा काढल्या तर अर्थ बदलत नाही. ईमेलमधला डोमेनचा भाग लहान अक्षरांत आणला तरी बदलत नाही, कारण डोमेनमध्ये लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नाही. अ‍ॅट चिन्हाच्या आधीच्या भागाबाबत ईमेलचं मानक वेगळं सांगतं: तिथे फरक असू शकतो. व्यवहारात बहुतेक सेवा तो पाळत नाहीत, म्हणून मी पूर्ण ईमेल लोअर करतो, पण हा आपण जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे हे लिहून ठेवतो.

इनिटकॅप, म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान करणारं फंक्शन, नावांवर कधीही लावू नका. रोमन लिपीतल्या कित्येक नावांत मधलं अक्षर मोठं असतं आणि संक्षेप तर सगळेच मोठ्या अक्षरांत असतात. माणसाने स्वतःचं नाव जसं लिहिलं, ते बदलण्याचा अधिकार ट्रिगरला नाही. फोन क्रमांकाला अंदाजाने देशाचा कोड जोडणं हीसुद्धा अर्थात केलेली ढवळाढवळच. पासवर्ड, टोकन, डिजिटल सही केलेला मजकूर यांना तर हातही लावायचा नाही. पासवर्डच्या शेवटची स्पेस ही पासवर्डचाच भाग आहे.

देवनागरी मजकुराची खास काळजी

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक तयार नुस्खे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे लोअर आणि अप्पर इथे काहीच करत नाहीत. आपले प्रश्न वेगळे आहेत.

पहिला प्रश्न चंद्राचा. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये २४१८ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर आहे. कीबोर्ड जुना असेल तर तेच ‘अ’ आणि चंद्र, म्हणजे २३०९ आणि २३७३, अशा जोडीने लिहिलं जातं. ‘ऑ’चंही तसंच: एकदा २३२१ हे एकच अक्षर, एकदा ‘आ’वर चंद्र. युनिकोडचं प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीतच. हा बदल आपल्यालाच रिप्लेसने करावा लागतो.

दुसरा प्रश्न नुक्त्याचा, आणि तो युनिकोडने सोडवलेला आहे. ‘ऱ’ एका अक्षराने लिहिला काय किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिला काय, एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात दोन्ही एकच होतात. पोस्टग्रेसमध्ये यासाठी नॉर्मलाइज हे फंक्शन १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. सर्व्हरचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असलं तरच ते चालतं.

तिसरा प्रश्न अदृश्य जोडणाऱ्या खुणांचा, आणि इथे मी स्वतः पोळलो आहे. एका कामात मी ‘अदृश्य अक्षरं सगळी काढा’ असा नियम लिहिला आणि त्यात ८२०५ क्रमांकाची झिरो विड्थ जॉइनर ही खूणही घातली. दुसऱ्या दिवशी वर्णनांमध्ये डोंगरातल्या ‘दर्‍या’ समुद्राचा ‘दर्या’ झाल्या होत्या. तिरका र लिहिताना अनेक कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि ही खूण वापरतात. खूण काढली की रफार होतो आणि शब्दच बदलतो. मूळ मजकूर दुसऱ्या रकान्यात जपलेला नव्हता, त्यामुळे बॅकअपमधून तो टेबल परत आणावा लागला. आता मी उलट करतो: ‘र’, हलन्त आणि जॉइनर हा क्रम दिसला की त्याजागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवतो. दिसायला तेच, अर्थही तोच, आणि ‘दऱ्या’ कोणत्याही कीबोर्डवरून आली तरी एकच बाइटक्रम साठवला जातो. बाकी ठिकाणच्या जॉइनर आणि नॉन-जॉइनर खुणांना मूळ रकान्यात हात लावत नाही. ‘वाङ्‌मय’ लिहिताना कुणी हलन्त मोकळा दिसावा म्हणून खूण घातली असेल, तर तो त्याचा निर्णय.

फोन आणि पिनसारख्या रकान्यांत देवनागरी अंक येतात, ते ट्रान्सलेट फंक्शनने एका फटक्यात रोमन अंकांत नेता येतात. रकाना मात्र टेक्स्टच ठेवा. संख्येत बदलला तर सुरुवातीचं शून्य जातं.

शुद्ध करणारं फंक्शन वेगळं, ट्रिगर वेगळा

सर्वांत उपयोगाची सवय हीच: साफसफाईचं काम ट्रिगरच्या पोटात लिहू नका. एक साधं फंक्शन करा, जे मजकूर घेतं आणि मजकूर देतं. ट्रिगर त्याला फक्त हाक मारेल. हेच फंक्शन पुढे जुन्या ओळींसाठी, तपासणीसाठी आणि शोधासाठीही लागणार आहे.

फंक्शनचं नाव ‘शुद्ध_मजकूर’ ठेवू. आतल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे:

१. शून्य रुंदीची स्पेस आणि बाइट ऑर्डर खूण काढा.
२. मग नॉर्मलाइज करून एनएफसी रूपात आणा.
३. ‘र’, हलन्त, जॉइनर याचा ‘ऱ’, हलन्त करा. चंद्राच्या दोन्ही जोड्या एकेका अक्षरात आणा.
४. टॅब, नवी ओळ आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस यांच्या जागी साधी स्पेस ठेवा.
५. रेजएक्स रिप्लेसने (नमुना शोधून बदल करणाऱ्या फंक्शनने) एकाहून जास्त स्पेसची एक करा, मग बी-ट्रिम.
६. उरलेला मजकूर रिकामा असेल तर नलइफने नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असा करा.

पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करून चालत नाही. ‘र’ आणि नुक्ता यांच्यामध्ये अदृश्य स्पेस अडकलेली असेल, तर आधी नॉर्मलाइज केल्यावर ते जुळणार नाहीत. मग स्पेस निघेल, दोघं शेजारी येतील, पण प्रमाण रूपात नसतील. फंक्शन दुसऱ्यांदा चालवलं तर वेगळं उत्तर येईल. आणि शुद्ध केलेला मजकूर पुन्हा शुद्ध केला तर तो तसाच राहिला पाहिजे, ही या सगळ्या कामाची कसोटी आहे. चौथ्या पायरीत नॉन-ब्रेकिंग स्पेसचं नाव स्पष्ट घेतलं आहे, कारण बी-ट्रिम नुसतं दिलं तर ते फक्त साधी स्पेस काढतं, आणि रेजएक्समधली ‘रिकामी जागा’ कशाकशाला म्हणायचं हे लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, अवलंबून असतं.

टीप किंवा पत्ता असा अनेक ओळींचा रकाना असेल तर नव्या ओळी राखणारं वेगळं फंक्शन करा. आणि एनएफकेसी हे जास्त कडक रूप दर्शनी रकान्यासाठी वापरू नका. ते वर्गाचा छोटा २ साध्या २मध्ये बदलतं, म्हणजे चौरस मीटरचं चिन्ह बिघडतं.

फंक्शनवर इम्यूटेबल (त्याच मजकुराला नेहमी तेच उत्तर) आणि स्ट्रिक्ट हे दोन शब्द लावा. पहिल्याने ते इंडेक्समध्ये आणि जनरेटेड रकान्यात (ज्याचं मूल्य डेटाबेस इतर रकान्यांवरून स्वतः काढतो) वापरता येतं, दुसऱ्याने नल आला तर नल परत जातो. आत तुमचंच दुसरं एखादं फंक्शन वापरत असाल तर त्याच्या नावाआधी स्कीमाचं, म्हणजे ते डेटाबेसच्या ज्या विभागात आहे त्याचं, नाव लिहा. पीजी-डंप या साधनाने घेतलेल्या बॅकअपमधून डेटा परत भरताना सर्च पाथ (नावं कोणत्या स्कीमांत शोधायची ती यादी) रिकामा असतो, आणि स्कीमा न लिहिलेलं नाव तिथे सापडत नाही.

आता ट्रिगर फंक्शन. ते इतकं छोटं असतं:

बिगिन
  न्यू.नाव := शुद्ध_मजकूर(न्यू.नाव);
  न्यू.ईमेल := लोअर(शुद्ध_मजकूर(न्यू.ईमेल));
  न्यू.फोन := शुद्ध_फोन(न्यू.फोन);
  रिटर्न न्यू;
एंड;

‘शुद्ध_फोन’मध्ये शुद्ध_मजकूर, अंकांचं ट्रान्सलेट आणि मधल्या स्पेस, डॅश काढणं एवढंच आहे. सुरुवातीचं अधिक चिन्ह राहू द्या. शेवटची ‘रिटर्न न्यू’ विसरलात तर पोस्टग्रेस चूक दाखवतो, ते बरं. पण चुकून ‘रिटर्न नल’ लिहिलंत तर ती ओळ काहीही न बोलता गाळली जाते. इन्सर्ट यशस्वी झाल्यासारखा दिसतो आणि टेबलात काहीच नसतं. एखादा दिवस खाणारी चूक आहे ही.

आणि ट्रिगर जोडण्याची आज्ञा:

क्रिएट ट्रिगर क१०_ग्राहक_शुद्ध
बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट ऑन ग्राहक
फॉर ईच रो एक्झिक्यूट फंक्शन ग्राहक_शुद्ध_करा();

‘एक्झिक्यूट फंक्शन’ हे लेखन ११व्या आवृत्तीपासून चालतं, त्याआधी ‘एक्झिक्यूट प्रोसिजर’ लिहावं लागे. ट्रिगरच्या नावात क१० का, असं वाटेल. एकाच घटनेवर एकाहून जास्त ट्रिगर असतील तर पोस्टग्रेस ते नावाच्या वर्णक्रमाने चालवतो. पुढे कुणी नावावरून काही मोजणारा ट्रिगर जोडला, तर तो शुद्धीनंतरच चालला पाहिजे, म्हणून क्रमांक आत्ताच नावात ठेवा.

‘अपडेट ऑफ नाव, ईमेल’ असं लिहून ट्रिगर ठरावीक रकान्यांपुरता मर्यादित करता येतो, पण मी ते टाळतो. अपडेटच्या आज्ञेत तो रकाना लिहिलेला असेल तरच असा ट्रिगर चालतो. दुसऱ्या एखाद्या बिफोर ट्रिगरने आतल्या आत नाव बदललं तर याला पत्ताच लागत नाही.

नवशिके हमखास करतात ती चूक म्हणजे आफ्टर ट्रिगर (ओळ लिहून झाल्यावर चालणारा) लिहून त्यात त्याच टेबलावर अपडेट चालवणं. तो अपडेट पुन्हा ट्रिगर उठवतो, तो पुन्हा अपडेट करतो, आणि शेवटी स्टॅकची मर्यादा संपते. बिफोरमध्ये न्यू ही ओळ हातातच असते. तिच्यात बदल करा आणि परत द्या.

ट्रिगरच्या आधी आणि नंतर काय होतं

नॉट नल (मूल्य हवंच), चेक (आपण घातलेली अट) आणि युनिक या तपासण्या बिफोर ट्रिगरनंतर होतात. म्हणून नुसत्या स्पेस भरलेलं नाव आधी नल होतं आणि मग नॉट नलला अडकतं, जे आपल्याला हवंच आहे. दुबार ओळ आली तर काय करायचं ते सांगणारं ऑन कॉन्फ्लिक्ट वापरलात तरी तुलना शुद्ध झालेल्या मूल्याशीच होते.

पण रकान्याचा प्रकार ट्रिगरच्या आधी तपासला जातो. नाव ‘व्हारकॅर ५०’ असेल आणि मजकुराच्या सुरुवातीची रिकामी जागा धरून लांबी ६० भरत असेल, तर ट्रिगरला ट्रिम करायची संधी मिळण्याआधीच चूक येते. एनम (ठरावीक यादीतलीच मूल्यं घेणाऱ्या) रकान्याचंही तेच: आधी शुद्ध करू आणि मग एनममध्ये बसवू, हे जमत नाही. म्हणून असे रकाने टेक्स्ट ठेवा आणि लांबीची किंवा परवानगी असलेल्या मूल्यांची अट चेकने घाला.

चाचणी

सगळं बिगिन आणि रोलबॅक यांच्यामध्ये चालवा, म्हणजे शेवटी सगळे बदल मागे घेतले जातात. पुढे-मागे स्पेस असलेलं नाव, फक्त स्पेस, नल, नॉन-ब्रेकिंग स्पेस, दोन्ही प्रकारचा ‘ॲ’, दोन्ही प्रकारची ‘दऱ्या’, एकाच इन्सर्टमध्ये तीन ओळी, आणि नावाला न शिवणारा अपडेट. प्रत्येक उत्तरावर शुद्ध_मजकूर पुन्हा लावून तोच मजकूर येतो का ते पाहा. वेगाची शंका असेल तर एक्सप्लेन अ‍ॅनलाइज लावून मोठा इन्सर्ट करून बघा, ट्रिगरमध्ये गेलेला वेळ तिथे वेगळा दिसतो.

जुन्या ओळी

ट्रिगर आजपासून पुढे काम करतो. आधी साचलेल्या ओळींना तो हात लावत नाही. त्या साफ करण्याआधी दुबार शोधा: शुद्ध केलेल्या ईमेलवर ग्रुप बाय करून जिथे दोन ओळी निघतात, तिथे कोणती ठेवायची हा निर्णय माणसानेच घ्यायचा. त्या दोन ओळींना वेगवेगळे व्यवहार जोडलेले असू शकतात.

त्यानंतर मूळ मूल्यं वेगळ्या टेबलात कॉपी करा. हे काम एका आज्ञेचं आहे, आणि माझ्यासारखं बॅकअपमागे धावण्याची वेळ येत नाही. मग अपडेट, पण फक्त तिथेच जिथे जुनं मूल्य आणि शुद्ध मूल्य वेगळं आहे. ही तुलना ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ने करा, म्हणजे नलही नीट हाताळले जातात. पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत लिहितो, त्यामुळे सरसकट सगळ्या ओळी अपडेट केल्या तर टेबल विनाकारण फुगतं. टेबल मोठं असेल तर आयडीच्या टप्प्यांनी, काही हजार ओळींच्या तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट.

हे झालं की पहारा बसवा: चेक अट, की नाव हे शुद्ध_मजकूर(नाव) याच्याशी तंतोतंत सारखंच असलं पाहिजे. ती आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडा, म्हणजे नव्या ओळींना लगेच लागू होते आणि जुन्या तपासत बसत नाही. मग सवडीने व्हॅलिडेट करा. ट्रिगर असताना ही अट कशाला? कारण ट्रिगर बंद करता येतो. आयातीच्या घाईत कुणीतरी डिसेबल ट्रिगर करतो, आणि लॉजिकल रेप्लिकेशनने, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरून आपोआप उतरवल्या जाऊन, येणाऱ्या ओळींवर साधे ट्रिगर मुळात चालतच नाहीत, त्यासाठी ‘एनेबल ऑलवेज’ करावं लागतं. युनिक इंडेक्स सर्वांत शेवटी.

शोधणाऱ्यालाही तोच नियम

साठवलेलं मूल्य शुद्ध झालं, पण शोधायला येणारा मजकूर कच्चाच असतो. लॉगिनच्या वेळी मोठ्या अक्षरांत टाइप केलेला ईमेल आता कधीच सापडणार नाही. ट्रिगर सिलेक्टवर चालत नाही. म्हणून व्हेअरमध्ये उजव्या बाजूला तेच फंक्शन लावा: ईमेल = लोअर(शुद्ध_मजकूर(दिलेला मजकूर)). अ‍ॅप्लिकेशनमध्येही इन्सर्टनंतर ‘रिटर्निंग’ने परत आलेलं मूल्य वापरा. नाहीतर मेमरीत जुनं आणि टेबलात नवं, असा घोळ राहतो.

नावांच्या शोधासाठी मी वेगळा ‘शोधनाव’ रकाना ठेवतो. तिथे कडक नियम चालतात: एनएफकेसी, सगळ्या जोडखुणा काढणं, विसर्गाच्या जागी टाइप झालेलं कोलन दुरुस्त करणं, लोअर. हा रकाना कुणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे तिथे काटछाट केली तरी माणसाचं लेखन शाबूत राहतं. फक्त तिरक्या ‘ऱ’ची पायरी तिथेही जोडखुणा काढण्याच्या आधीच ठेवायची. जनरेटेड रकाने पोस्टग्रेस १२पासून आहेत, त्यामुळे हा रकाना तसा लिहिता येतो (नॉर्मलाइजसाठी मात्र १३ लागते). मग त्यासाठी ट्रिगरची गरजच उरत नाही, आणि जिथे जनरेटेड रकान्याने भागतं तिथे मी तोच निवडतो. ट्रिगर मूळ रकान्यातच बदल करायचा असेल तेव्हासाठी.

इतर डेटाबेस

मायएसक्यूएलमध्ये बिफोर इन्सर्ट आणि बिफोर अपडेट हे दोन वेगळे ट्रिगर लिहावे लागतात. आत ‘सेट न्यू.नाव = …’ असं लिहायचं, रिटर्न नाही. फॉरेन कीच्या कॅस्केडमुळे, म्हणजे एका टेबलातल्या बदलामागोमाग जोडलेल्या टेबलात आपोआप, होणारे बदल तिथे ट्रिगर उठवत नाहीत. रेजएक्स रिप्लेस ८.०पासून आहे. त्याच आवृत्तीचं मूळ कोलेशन (मजकुराच्या तुलनेचे नियम) लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरत नाही, त्यामुळे ईमेलचे काही दुबार युनिक इंडेक्सच अडवतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बिफोर नाही. आफ्टर ट्रिगरमध्ये ‘इन्सर्टेड’ या तात्पुरत्या टेबलाशी जॉइन करून अपडेट करायचा. हा ट्रिगर आज्ञेमागे एकदा चालतो, ओळीमागे नाही. एकच ओळ आली असं गृहीत धरून व्हेरिएबलमध्ये मूल्य घेतलंत, तर शंभर ओळींच्या इन्सर्टमधली एकच शुद्ध होईल. बल्क इन्सर्टला ‘फायर ट्रिगर्स’ सांगितल्याशिवाय ट्रिगर चालत नाहीत.

एसक्यूलाइटमध्ये न्यू बदलता येत नाही, म्हणून आफ्टर ट्रिगर आणि रोआयडीवर अपडेट. तिथले लोअर आणि अप्पर मूळ रूपात फक्त आस्की अक्षरांवर चालतात. ऑरॅकलमध्ये रिकामा मजकूर हा नलच असतो, त्यामुळे नलइफची पायरी आपोआप गळते.

नियम बदलायचा असेल तेव्हा

कधीतरी नवी अदृश्य खूण सापडते आणि फंक्शन बदलावं लागतं. फंक्शन बदललं म्हणून पोस्टग्रेस जुन्या ओळी पुन्हा तपासत नाही. चेक अट ‘व्हॅलिड’ म्हणूनच दिसत राहते, साठवलेला जनरेटेड रकाना जुन्याच नियमाचा राहतो आणि त्या फंक्शनवरचा इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतो. म्हणून जुनं फंक्शन जागच्या जागी बदलू नका. ‘शुद्ध_मजकूर_२’ नावाने नवं करा, एकाच मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ट्रिगर त्याच्याकडे वळवा, जुनी चेक अट काढून नवी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडा, शोधनावाचा रकाना आणि इंडेक्स नव्याने बांधा. मग फरक असलेल्या ओळी तुकड्यांत अपडेट करा, व्हॅलिडेट चालवा, आणि जुन्या फंक्शनवर काहीच अवलंबून उरलं नाही याची खात्री झाल्यावर ते ड्रॉप करा. कॅस्केड (‘अवलंबून असलेलंही सगळं काढ’) न लिहिता ड्रॉप केलंत, तर त्यावर अवलंबून असलेली राहिलेली अट किंवा इंडेक्स पोस्टग्रेस स्वतःच नावानिशी दाखवतो.